करवंदपाड्याची पडवी

जव्हार, ता. ३ सप्टेंबर १९१३

चि. मधुकर यास अनेक आशीर्वाद.

अडीच वर्षे तुला ओळभरही लिहिले नाही, याची क्षमा मागतो. कामाचा व्याप, प्रकृती, पावसाळ्यात रखडणारे टपाल ही कारणे मी आधी लिहून पाहिली आणि खोडून टाकली. मोखाडा इथून आठ कोसांवर आहे. तट्टावर बसलो असतो तर दुपारच्या जेवणाला तुझ्या बिऱ्हाडी पोहोचलो असतो. तू लाकडाच्या ठेकेदाराकडे ओंडके मोजायला राहिला आहेस हे मला पहिल्याच महिन्यात कळले होते. तेव्हा न लिहिण्याला कारण मीच.

पत्राचे निमित्त मात्र कामाचे आहे. मागच्या आठवड्यात शाळा तपासत दाभोशाकडे गेलो होतो, तिथून करवंदपाड्याला वर चढलो. तुझ्या शाळेत (जुन्या सवयीने असे लिहितो) आता चार मुलगे आहेत. नवे मास्तर वेळेचे पक्के आहेत. दहाला घंटा होते, फळा पुसलेला असतो, हजेरीत खाडाखोड नाही. मी दोन वर्षांपूर्वी काढलेले पत्रक त्यांनी दाराशी चिकटवले आहे : 'तान्ही व अजाण मुले शाळेच्या आवारात आणू नयेत.' पडवीचा कूड त्या पत्रकानुसार काढून टाकला आहे. नुसते खांब उभे आहेत.

कुंपणाबाहेर एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन उभी होती आणि फळ्याकडे पाहत होती. मी नाव विचारले, तर म्हणाली, "नवशी." तुझ्या वेळची नवशी. पाठ्यपुस्तकातला धडा न अडखळता वाचणारी, ती. मी म्हटले, "आत का येत नाहीस?" तिने कडेवरच्या पोराकडे हनुवटी केली आणि म्हणाली, "याला कुठं टाकू?"

आता मुद्दा. डिसेंबरच्या वीस तारखेला संस्थानचे कारभारी स्वतः तपासणीला जाणार आहेत. त्या दिवशी पटावर वीस मुले हजर नसतील, तर ही शाळा नव्या सालापासून बंद होईल. हुकूम झाला आहे. दाभोशाच्या त्या बाजूला दुसरी शाळा नाही, हे तुला सांगायला नको.

म्हणून जुने दप्तर काढले. फेब्रुवारी १९११ च्या तुझ्या हजेरीपटात जानेवारीतली सहा नावे एकाएकी नाहीशी होतात आणि सहा नवी नावे येतात. त्यांच्या दाखल्याची नोंद नाही. मी तपासणीला आलो त्या दिवशी जुन्या सहा नावांनी हाका मारल्या तर एकही मूल बोलले नाही. त्यावरून मी अहवालात काय लिहिले, आणि तुला बडतर्फ केले गेले, ते तुला पाठ असेल. माझ्या त्या दिवसाच्या रोजनिशीत आहे : 'म. ची हजेरी बनावट. सहा मुले अस्तित्वात नाहीत. शाळेचे पाळण्याचे घर केले आहे. एक म्हातारी आंबील शिजवते, झोळ्या टांगल्या आहेत. सख्खा भाऊ असला तरी, किंबहुना म्हणूनच, गय करणे शक्य नाही.'

त्या सहा नावांचा प्रकार काय होता? उत्तर फक्त वस्तुस्थितीपुरते दिलेस तरी चालेल.

भास्कर विनायक टिपणीस

जव्हार, ता. १९ सप्टेंबर १९१३

चि. मधुकर यास आशीर्वाद.

तुझे उत्तर आले नाही. यावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार मला होता का, हे गेले पंधरा दिवस स्वतःला विचारतो आहे. तुझ्या वहिनीला पत्राचा मजकूर वाचून दाखवला. ती म्हणाली, "भावोजींना पत्र लिहिलंत की समन्स काढलंत? सगळ्या संस्थानाला तुमच्याकडे न्याय, आणि घरच्या माणसाला नुसता नियम." मग तिने भाजी निवडायला घेतली आणि अर्धा तास माझ्याकडे पाहिले नाही.

उत्तर मला पाड्यावरच मिळाले. मी पुन्हा गेलो होतो. धोंडी, तुझी ती आंबीलवाली म्हातारी, आपल्या अंगणात नाचणी पाखडत होती. मी समोरच्या दगडावर बसलो. ती म्हणाली, "दगड ओला हाय, सायेब. बूड भिजल तुजा." मी बसलेलाच राहिलो, कारण उठलो असतो तर पुन्हा कुठे बसावे हे मला सुचले नसते.

मी विचारले, "दोन वर्षांमागे शाळेतल्या सहा मुलांची नावे बदलली होती काय?"

"बदलली नाय तं? खोकला आलता ना त्या थंडीत, डांग्या. पोरां काळीनिळी पडायची. दोन गेली. मंग भगतानं तांदूळ टाकून बघला नि जगली त्यांना नवी नावां दिली. मास्तरनं आमाला इचारलान, नि वहीत नवी लिवलान."

"मग मी हाक मारली तेव्हा ती बोलली का नाहीत? समोरच बसली असतील."

"होतीच की बसलेली. तू हाक कोनाला मारलीस? त्या नावाचा कोनी हायच नाय."

मी खिशातला कागद काढून ती जुनी नावे वाचू लागलो, तर तिने पाखडण्याच्या हाताने कागद खाली दाबला. "वाचू नको. नि ती वही पाड्यावर आनू नको."

मधुकर, ती सहाही मुले होती. तुझी हजेरी खरी होती. त्या दिवशी तू पुढे येऊन काही सांगू लागला होतास, आणि मी म्हटले, "जे सांगायचे ते लेखी दे. तपासनिसाने भावाचे तोंडी ऐकले असे कोणी म्हणायला नको." दुसरा कोणी मास्तर असता तर मी त्याला पाणी पाजून, समोर बसवून विचारले असते. हे मी पक्के जाणतो, कारण इतरांच्या बाबतीत मी नेहमी तसेच केले आहे. तुझ्याशी निष्ठुर वागलो म्हणून मी न्यायी ठरतो, असे मला वाटले होते.

आणि झोळ्यांचेही तेच. मोठ्या मुली लहानग्यांना कडेवर घेऊनच येणार, नाही तर येणारच नाहीत. हे तू जाणून पडवीला कूड घातलास, धोंडीला बसवलेस, घरटी मूठभर नाचणी गोळा केलीस. तीस मुले शिकत होती. मी येऊन शिस्त लावली आणि चार उरली.

आता एकच मार्ग दिसतो. तू परत ये. कारभाऱ्यांकडे माझे वजन आहे. नवी नेमणूक म्हणून तुझे नाव पुढे करतो, मागचे कोणी काढणार नाही. गाजावाजा न होता होऊन जाईल. नवे मास्तर तसेही बदली मागत आहेत. दरम्यान मी त्या सहा मुलांच्या जुन्या-नव्या नावांची जुळणी घरोघर जाऊन करतो, म्हणजे माझ्याजवळ पुरावा राहील.

तुझा,
भास्करदादा

जव्हार, ता. ९ ऑक्टोबर १९१३

चि. मधुकर,

हे पत्र लिहायला बसून तीन वेळा उठलो. धोंडीने सांगितले होते, वही आणू नको. मला वाटले, अडाणी माणसाला कागदाची भीती असते, तेवढेच. मी वही नेली.

सप्टेंबरच्या अठ्ठाविसाव्या तारखेला. पहिलेच घर ढवळूचे. दारात त्याची बायको रुपी आणि आठ वर्षांचा मुलगा. मी वही उघडली, चष्मा लावला आणि स्वच्छ, मोठ्याने विचारले, "लाडक्या नावाचा मुलगा याच घरचा ना? आता त्याचे नाव काय?"

रुपीने मुलाचे दोन्ही कान हातांनी झाकले. मला पहिल्यांदा वाटले, ती त्याला मारते आहे. मग तिने त्याला आत ढकलले आणि उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "सायेब, तुजी वही तुज्या दारात वाच."

धोंडी धावत आली. सांगूनही चुकणाऱ्या माणसाला झापावे तसे तिने मला झापले. जुने नाव आजाराच्या ओळखीचे असते, त्या नावाने हाक मारली की आजार परत घर धुंडीत येतो, असे तिने त्या वेळी सांगितले. आधी का नाही सांगितलेस, असे म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. तिने सांगितले होते. मी कारण विचारले नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्या मुलाला हुडहुडी भरून ताप आला.

मी शिकलेला माणूस आहे. आश्विनात या डोंगरात घरोघर हिवताप असतो, हे मला ठाऊक आहे. पण पाड्याने तो माझ्या नावावर लिहिला. शाळेतले चारही मुलगे यायचे थांबले. नव्या मास्तरांनी चिठ्ठी पाठवली : 'आज पट शून्य.'

मी क्विनाईन घेऊन गेलो. रुपी म्हणाली, "आदी ताप बोलवलास, आता दवा देतोस व्हय? दोन्ही तुजाच धंदा?" ढवळू कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर होता तवा पोरां जगली. तू आलास नि मास्तर गेला. आता हा पोर काय जगतोय." मी कुंपणाबाहेर बसलो. संध्याकाळी दाभोशाला उतरलो, सकाळी पुन्हा वर येऊन बसलो. अपमान वाटला का, असे विचारशील तर पहिल्या दिवशी वाटला. दुसऱ्या दिवशी आतून मुलाचे कण्हणे ऐकू येत होते, त्यापुढे अपमान आठवला नाही. ते पोर गेले असते तर, मधुकर, ते हिवतापाने गेले हे सिद्ध करून मला काय मिळाले असते?

शेवटी धोंडीला विचारले, "हे निस्तरायचे कसे? मी काय करू?" बहुधा आयुष्यात पहिल्यांदा मी पाड्यावर कोणाला असे विचारले.

ती म्हणाली, "जेनी जुना नाव घेतला त्यानंच नवा घ्याचा. दारासमोर. सगळ्यांदेखत. पाच वेळा, मोठ्यानं. लाजायचा नाय."

आता माझी अडचण तुला कळेल. मी भगताचे काही मानत नाही. न मानता ते करणे म्हणजे त्यांच्याशी लबाडी नव्हे काय? मी कुंपणाशी बसून तासभर हाच विचार केला. मग असे वाटले, की पोराच्या दारात येऊन मी त्याच्या आईला भेदरवले, एवढे तर खरे आहे. तेवढ्याची भरपाई तिच्या रीतीने करण्यात खोटे काय आहे? अजूनही हे उत्तर पुरते पटलेले नाही. पण मी उठलो.

सारा पाडा जमला होता. मी टोपी काढली आणि धोंडीने सांगितलेले नवे नाव ओरडलो, "पुंजा!" दुसऱ्या हाकेला आवाज चिरकला. मागून कोणी तरी म्हणाले, "कोंबडा बरा आरवतो." लोक हसले, आणि त्या हसण्यानंतर उरलेल्या तीन हाका मला सोप्या गेल्या. पाचव्या हाकेनंतर आतून बारीक आवाजात आले, "ओ."

रुपीने क्विनाईन घेतले. म्हणाली, "कडू हाय का?" मी म्हटले, "फार." ती म्हणाली, "मंग लागू पडल."

चौथ्या दिवशी ताप उतरला. क्विनाईनने उतरला असे रोजनिशीत लिहिले आहे. पाड्यावर वेगळे म्हणतात. मी वाद घातला नाही. काल शाळेत नऊ मुले होती, त्यात नवशी आहे. तिचा भाऊ खांबाला बांधलेल्या झोळीत झोपला होता. दारावरचे पत्रक मी माझ्या हाताने काढले. नव्या मास्तरांनी विचारले, "याचा लेखी हुकूम?" तिथल्या तिथे लिहून दिला.

तू कधी येतोस? माझ्या मागच्या पत्रातली व्यवस्था तयार आहे. फक्त हो म्हण.

दादा

जव्हार, ता. २४ ऑक्टोबर १९१३

प्रिय मधुकर,

तुझे पत्र मिळाले. पत्र म्हणजे तीन ओळी. त्या इथे उतरवतो, कारण लिहून काढल्याशिवाय मला काही कळत नाही अशी माझी खोड आहे.

'दादा, दप्तरात माझे नाव बनावट हजेरी करणारा असे आहे. ते तसेच ठेवून मागच्या दाराने मी त्या शाळेत येणार नाही. पुंजाला बरे वाटले हे वाचून आनंद झाला.'

बस. रागाचा एक शब्द नाही. असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

'गाजावाजा न होता' असे मी लिहिले होते. कोणाच्या नावाचा गाजावाजा मला टाळायचा होता? १९११ च्या त्या अहवालावर कारभाऱ्यांनी शेरा मारला होता : 'टिपणीस यांचा निःस्पृहपणा अनुकरणीय.' त्याच साली मला बढती मिळाली. हे तुला कोणी सांगितले नसेल. मीही सांगितले नव्हते. गेल्या दोन महिन्यांत तुला तीन पत्रे लिहिली, चुका कबूल केल्या, दोन दिवस कुंपणाशी बसलो, टोपी काढून ओरडलो, पण एक कागद मी लिहिला नव्हता. वहिनीला तुझी चिठ्ठी दाखवली. ती एवढेच म्हणाली, "पाड्यावर पाच वेळा ओरडलात ना? आता कचेरीत एकदा."

सोमवारी अर्ज दिला. 'मी, खाली सही करणार, १९११ साली चौकशी न करता खोटा निष्कर्ष काढला. मधुकर विनायक टिपणीस यांची हजेरी खरी होती. त्यांची बडतर्फी रद्द व्हावी.' पुरावा म्हणून त्या सहा मुलांची यादी जोडायची होती, पण जुनी नावे पुन्हा लिहिण्याचे धाडस झाले नाही. नुसते 'सहाही मुले हयात असून मी समक्ष पाहिली' असे लिहिले.

कारभाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"टिपणीस, हा अर्ज तुमच्या भावाच्या बाजूचा आहे. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, भावासाठी पदर पसरला. त्या भीतीपायीच त्या वेळी खोटे लिहिले गेले, साहेब."

"तपासनिसाचाच अहवाल खोटा ठरला तर तपासनीस कसा राहील?"

"राहू नये."

त्यांनी अर्जाची घडी करून तो बाजूला ठेवला. रागावले नव्हते. त्रासले होते, कारण मी त्यांचाही शेरा खोटा पाडला होता. मग म्हणाले, "तुमच्या जागेचा विचार होळीनंतर करू. तोवर रजेवर राहा." मी म्हटले, रजा नको. करवंदपाड्याचे मास्तर बदलून जात आहेत, होळीपर्यंत ती जागा मला द्यावी. तेव्हा ते हसले. "बी. ए. झालेला माणूस पोरांना बाराखडी शिकवणार?"

"नापास झालेला तपासनीस, साहेब. त्याला पहिल्या यत्तेपासूनच सुरुवात करायला हवी."

हुकूम मिळाला. तुझी बडतर्फी रद्द झाल्याच्या हुकुमाची नक्कल सोबत आहे. शिक्का असलेली प्रत आहे, जपून ठेव. वीस डिसेंबरची अट मात्र त्यांनी काढली नाही. म्हणाले, "ती तुमच्यासाठी नव्हती, तुमच्यासाठी मोडणारही नाही." बरोबर बोलले.

तू ये, असे या पत्रात लिहिणार नाही. आधी दोनदा लिहिले, तेव्हा ते तुझ्यासाठी नव्हते.

तुझा दादा

करवंदपाडा, ता. १५ नोव्हेंबर १९१३

प्रिय मधुकर,

धोंडीच्या शेजारच्या खोपटात राहतो. वहिनी जव्हारलाच आहे, दर बाजाराला लोणचे आणि टोमणे पाठवते. वर्गात एकोणीस मुले येऊ लागली होती, आणि मी मनात विसाव्या मुलाची वाट पाहत होतो. तेवढ्यात परवा ढवळू सहज म्हणाला, "पाच दिसांनी पाडा खाली."

तुला हे माहीतच असणार. मी इतकी वर्षे पट तपासले, दर डिसेंबरात हजेरी घसरते हे रकान्यात पाहिले आणि शेरा लिहिला : 'पालकांची अनास्था'. भात झोडून झाले की सगळी घरे गवतकापणीला खाली समुद्राकडच्या मुलखात उतरतात आणि होळीला परततात. पोरे कुठे ठेवणार? बरोबर नेतात. पोरे तिथे गंजीच्या सावलीला झोपतात, खाडीचे पाणी पितात, आणि परतताना एखादे कमी असते. त्याला मी अनास्था म्हणत होतो.

मी ढवळूला म्हटले, "पोरे इथे ठेवा." तो म्हणाला, "कोनापाशी? तुज्यापाशी? नि तू परत आमच्या पोरांची नावां खोडलीस तं?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मी म्हटले, "मला माहीत नाही कसे ते. तुम्ही सांगा. जे ठरेल त्यात माझे काम काय ते मला सांगा."

दोन संध्याकाळी शाळेसमोर बैठक झाली. पुरुष बोलले कमी, विडी जास्त ओढली. ठरवले बायकांनी. अंगावर पिणारी पोरे आयांबरोबर जातील. बाकीची राहतील. ज्या चार घरांत म्हातारी माणसे मागे राहतात त्या घरांत रात्री वाटून झोपतील. दिवसा शाळेत आणि पडवीत. नाचणी आणि वरई प्रत्येक घर आपापल्या कणगीतून देईल, शिजवायचे धोंडीने. नवशीने लहानग्यांना सकाळी वाटून घ्यायचे आणि मग वर्गात बसायचे. मागे बसायचे नाही, पुढे, हे कलम माझे.

मी विचारले, "पोरे आईसाठी रडली तर?" मला वाटले होते, याला उत्तर नसेल. रुपी म्हणाली, "दर पंधरा दिसांनी दोघी बायका परत येतील. पाळीपाळीनं. चार दिस ऱ्हातील, सगळ्यांच्या पोरांना न्हाऊ घालतील, मंग जातील. पोरांना आई दिसली पायजे, कोनाची का असंना." खाली त्या दोघींचा खाडा पडेल तो बाकीच्या भरून काढतील. इतकी नेटकी योजना माझ्या खात्यात कोणी केलेली मला आठवत नाही.

एका म्हाताऱ्याने विचारले, "हा सायेब जेवल कुठं?" धोंडी म्हणाली, "पोरांच्या पंगतीत. ताट घासून ठेवायचा." ठरावात तेही आले.

सर्वांत शेवटी रुपीने माझ्याकडे पाहून विचारले, "पुंजाला ताप आला तं तू काय करशील?" या एका उत्तरावर वीस घरे थांबली होती.

मी आधी क्विनाईनचे नाव घेणार होतो. मग म्हटले, "दवा देईन. धोंडीला विचारीन. आणि ताप वाढला तर त्याच दिवशी माणूस धाडून तुला बोलावीन, सकाळची वाट पाहणार नाही." ती म्हणाली, "पुंजा ऱ्हाईल." तिच्यानंतर एकेक घर बोलले. तेवीस मुले झाली.

ती डिसेंबरात तेवीसच राहतील का? ठाऊक नाही. एखादी आई खाली गेल्यावर जीव न राहून परत येऊन पोर घेऊन जाईल. तिला मी अडवणार नाही. वीसला एक कमी भरले तर शाळा जाईल, हे मी सर्वांना सांगितले आहे, कारण ते लपवून पोरे ठेवून घेणे माझ्याने होणार नव्हते. ढवळू म्हणाला, "एक कमी पडला तं तूच बस पाटी घेऊन." सरकारी रकान्यात ते बसत नाही असे मी त्याला गंभीरपणे समजावू लागलो, आणि मध्येच कळले की तो थट्टा करीत होता.

काल मोखाड्याहून लाकडाची गाडी घेऊन येणारा गडी इथे थांबला. त्याने विचारले, पडवीला कूड कुठपर्यंत घालणार, उत्तरेकडून बंद करा, थंडी तिकडून लागते. मी विचारले, "हे तुला कोणी सांगितले?" तो म्हणाला, "ओंडके मोजनारा कारकून इचारत होता." कूड उत्तरेकडून बंद करतो आहोत.

मला वाटते मी तुझे काम करतो आहे, आणि तुझ्यापेक्षा वाईट करतो आहे. आंबील मला ढवळता येत नाही, तळाला लागते. पोरांची बोली निम्मी कळते. त्यांनी एखादा शब्द दोनदा उच्चारून मला शिकवला की त्यांना केवढे समाधान होते! तू आलास तर जागा तुझी आहे, हुकूम तुझ्याजवळ आहे. नाही आलास तरी होळीपर्यंत मी इथून हलणार नाही, आणि होळीनंतर नोकरी राहो न राहो, पुढच्या गवतकापणीच्या आधी पुन्हा येईन.

पुरुषांनी कारवीच्या काठ्या आणून कूड विणला आहे. लिंपायचा राहिला आहे. मंगळवारी पाडा निघणार, म्हणजे त्याआधी तो वाळला पाहिजे. बायकांनी कामे वाटून दिली आहेत. शेण रुपीकडे, माती नवशीकडे.

उद्या : उजाडताच नदीवरून लिंपणासाठी पाणी आणणे. एकूण बारा हंडे, माझ्या वाट्याला चार.